आत्याचं बक्षीसपत्र आणि प्रांत ऑफिस

म्हाताऱ्या माणसाने घर-जमीन एकदा लिहून दिली की संपलं, आता काही होत नाही, असं आमच्याकडे सगळे धरूनच चालतात. गावातली जाणती माणसं, पोलीस, अगदी वकील पण. आम्हाला पण जो भेटेल त्याने हेच सांगितलं. पण होतं, लिहून दिलेलं परत मिळू शकतं. माझ्या आत्याचं झालं. आम्हाला ही माहिती इथून थोडी तिथून थोडी अशी गोळा करावी लागली आणि त्यात बराच वेळ गेला, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय, कुणाच्या तरी आजीच्या, आईच्या उपयोगी पडेल. गावाचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम टाकत नाहीये कारण प्रकरण अजून पूर्ण मिटलेलं नाही.

आत्या शहात्तरची. मूलबाळ नाही. मामा (म्हणजे आत्याचे यजमान) जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्या मागे दीड एकर बागायत आणि गावठाणातलं घर आत्याच्या नावावर लागलं. शेजारीच मामांच्या भावाचा मुलगा राहतो, आत्याचा पुतण्या. मामा गेल्यावर शेत त्यानेच केलं आणि खोटं कशाला बोलू, पहिली काही वर्षं त्याने आत्याचं बघितलं पण नीट. दवाखान्यात न्यायचा, सणाला साडी घ्यायचा. मग करोना झाल्यावर त्याचं सुरू झालं, "काकी, उद्या काय बरंवाईट झालं तर भाऊबंद भांडत बसतील, आत्ताच माझ्या नावावर करून टाक, मी आहेच की तुला." आणि एक दिवस तालुक्याला नेऊन दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात बक्षीसपत्र नोंदवून घेतलं. आत्या तिसरीपर्यंत शिकलेली, सही येते, वाचायला जमत नाही, त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला एवढंच कळलं की "नाव लावून दिलं". मालकी त्याच दिवशी गेली हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर पुतण्याचं नाव चढलं, पुढच्याच हंगामात त्याने सोसायटीचं पीककर्ज उचललं आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्या कर्जाचा बोजा आला. आणि आत्या माजघरातून गोठ्याशेजारच्या खोलीत आली. हे सगळं इतकं हळू झालं की फोनवर विचारलं तर "बरंय गं, चाललंय" एवढंच उत्तर.

मी जत्रेला गेले तेव्हा खोली बघितली. एका भिंतीला युरियाच्या गोण्या, दुसरीकडे कॉट, मध्ये चालायला एक माणूस जाईल एवढी जागा. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. उशाखाली बीपीच्या गोळ्यांचं पाकीट होतं, रिकामं, आणि वरची तारीख बघितली तर गेल्या वर्षीची. जेवणाचा डबा सकाळी एकदा येतो, त्यातलंच संध्याकाळी खायचं. दंडावर काळंनिळं झालेलं, विचारलं तर म्हणे न्हाणीत पडले.

आता इथे एक गोष्ट सांगते जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. म्हाताऱ्या माणसाला घरात, चार माणसांसमोर विचारू नका. तुमच्यासमोर सूनबाई चहा घेऊन उभी असते, ती काय बोलणार? मी डोळे दाखवायच्या निमित्ताने आत्याला तालुक्याला घेऊन गेले, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लांबचा होता, बाहेर बाकड्यावर दोघीच बसलो होतो, तेव्हा ती हळूहळू बोलायला लागली. न्हाणीत पडलीच नव्हती. भाकरी शिळी आहे म्हटलं म्हणून दंडाला धरून ओढलं होतं. श्रावणबाळचे महिन्याचे दीड हजार येतात, त्याचं एटीएम कार्ड पुतण्याकडे. आणि वर गावातला बँकमित्र (बँकेने गावात पैसे द्यायला-घ्यायला नेमलेला माणूस) घरी मशीन घेऊन यायचा, "अंगठा लागंना, परत लावा काकू" म्हणून दोन-दोनदा अंगठा घ्यायचा. आम्ही तिथूनच बँकेत गेलो आणि पासबुक भरून घेतलं. एकेका दिवशी दोन-दोन वेळा आधारवरून पैसे काढल्याच्या नोंदी. आत्याच्या हातात कधी पाचशेच्या वर आले नव्हते. ते भरलेलं पासबुक पुढे आमच्या फार कामाला आलं. घरी म्हातारं माणूस असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी पासबुक भरून घ्या, त्यात सगळं दिसतं. आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, मोबाईल नंबर लिंक असेल तर ॲपवरून पाच मिनिटांचं काम आहे. लॉक असलं की कुणी कितीही अंगठा घेतला तरी पैसे निघत नाहीत. आम्ही ते त्याच आठवड्यात केलं.

आत्याला मी परत त्या खोलीत सोडलं नाही. ती माहेरी, माझ्या भावाकडे राहायला आली. पण तक्रार करायची म्हटलं की तिचं एकच, "मला नगं बाई कोर्टकचेरी. मान्सं काय म्हनतील. तुझ्या मामांच्या नावाला बट्टा लागंल." यात बरेच दिवस गेले आणि मी जबरदस्ती केली नाही, करून उपयोगही नसतो कारण पुढे सगळीकडे तिलाच बोलायचं होतं. शेवटी तिचं मन वळलं ते माझ्या बोलण्याने नाही. तिची मैत्रीण, वरच्या आळीतली, भेटायला आली आणि सांगून गेली की पुतण्या गिऱ्हाईक बघतोय, बांधावरून माणसं हिंडवली. मामांनी स्वतः खणलेली विहीर त्या रानात आहे. आत्या रात्रभर झोपली नाही आणि सकाळी म्हणाली, "काय करायचं ते कर, मी येती."

आधी पोलीस ठाण्यात गेलो. तिथे अदखलपात्र तक्रार (एनसी) लिहून घेतली आणि "जमिनीचं दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा" म्हणाले. मग एक वकील. त्यांनी सांगितलं दस्त रद्द करायला दिवाणी दावा लावावा लागेल, मिळकतीच्या किमतीवर कोर्ट फी, आणि कळल्यापासून तीन वर्षांत लावायला पाहिजे, निकालाला किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. त्यांनी चुकीचं काही सांगितलं नाही, पण शहात्तरच्या बाईला हा रस्ता कसा पुरायचा.

मग कुणीतरी १४५६७ नंबर दिला. एल्डरलाइन म्हणतात, ज्येष्ठ नागरिकांसाठीची सरकारी हेल्पलाइन, टोल फ्री, आठवड्याचे सातही दिवस सकाळी आठ ते रात्री आठ. फोनवर जी मुलगी होती तिने आधी आत्याशीच बोलायला मागितलं. हे मला फार आवडलं. आत्या सुरक्षित जागी आहे का, जेवली का, औषधं आहेत का हे विचारलं आणि मग मला सांगितलं की २००७ चा कायदा आहे, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा, त्याचा अर्ज प्रांताकडे करायचा. म्हणजे उपविभागीय अधिकारी. तेच या कायद्याखालचे न्यायाधिकरण असतात.

मी म्हटलं पण हे तर मुलांवर करायचं असतं ना, आत्याला मूलच नाही. तर तसं नाहीये. मूल नसलेल्या ज्येष्ठ माणसाचा जो वारस आहे आणि ज्याच्या ताब्यात त्याची मिळकत आहे किंवा पुढे येणार आहे, तो सज्ञान नातेवाईकही जबाबदार धरला जातो. आणि मिळकत लिहून दिली असेल तर कलम २३. ज्येष्ठ माणसाने, आपल्याला सांभाळायचं आणि मूलभूत गरजा भागवायच्या या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने ते केलं नाही, तर ती देणगी फसवून किंवा दबावाने घेतली असं समजलं जातं, आणि देणाऱ्याची इच्छा असेल तर न्यायाधिकरण ती रद्द ठरवू शकतं. कायदा आल्यानंतरचा दस्त पाहिजे एवढंच. आणि देणाऱ्याचं वय साठ किंवा त्याच्या वर.

सगळी मेख त्या "अटीवर" मध्ये आहे.

दस्ताची प्रत पुतण्याकडे होती, तो थोडीच देणार. ती दुय्यम निबंधकाच्या ऑफिसातून नक्कल काढून घ्यायची, सूची दोन (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) ऑनलाइन शोधून दस्त क्रमांक मिळतो. नक्कल हातात आली त्या रात्री मी आणि भाऊ ओळ न ओळ वाचत बसलो. दस्ताची भाषा तुम्हाला माहितीये, लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा, तदंगभूत वस्तूंसह, सगळं एका दमात. पहिल्या दोन पानांत काही नाही. तिसऱ्या पानावर खाली, "लिहून घेणार हे लिहून देणार यांचे पुतणे असून त्यांची सेवाशुश्रूषा व सांभाळ आजवर करीत आलेले आहेत व यापुढेही लिहून देणार यांचे हयातीत करणार आहेत, सबब..." आणि मग बक्षीस. भावाने त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. पण पुढच्याच पानावर असंही होतं की सदर बक्षीस बिनशर्त व कायमचे दिले आहे. दस्त लिहिणाऱ्याने त्याच्या नेहमीच्या नमुन्यातून दोन्ही वाक्यं उचलली असणार. आमची पूर्ण केस या दोन वाक्यांवर उभी होती.

दुसऱ्या एका वकीलबाईंनी अर्ज तयार करायला मदत केली, त्या जिल्ह्याला अशीच कामं करतात. त्यांनी सांगितलं की अर्जात स्पष्ट शब्दांत लिहा की आत्याने जमीन सांभाळण्याच्या अटीवरच दिली होती, नुसतं "मला त्रास देतात" लिहून चालणार नाही. कारण डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की कलम २३ लावायचं तर अट होती हे दाखवलं पाहिजे, आणि तिथे ते अर्जातही म्हटलेलं नव्हतं. समोरचा वकील हाच निकाल घेऊन येणार हे त्यांनी आधीच सांगितलं, आणि झालंही तसंच. पण आमचं नशीब असं की २ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाचाच उर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित हा निकाल आला होता. मध्य प्रदेशातली आई, मुलाला बक्षीसपत्र करून दिलेलं, त्यात सांभाळण्याचा उल्लेख, शिवाय मुलाचं वेगळं वचनपत्र. हायकोर्टाच्या खंडपीठात आई हरली होती, सुप्रीम कोर्टाने दस्त रद्द केला, ताबा परत द्यायला सांगितला आणि म्हटलं की हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ त्यांच्या बाजूने, उदारपणे लावला पाहिजे. न्यायाधिकरण गरज पडली तर घर खाली करून ताबा द्यायचा आदेशही देऊ शकतं हेही त्यात आहे. त्याची प्रत अर्जाला जोडली.

अर्जाबरोबर काय काय लावलं ते सांगते. आधार, वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला (तो मिळाला हे विशेष), बक्षीसपत्राची नक्कल, आधीचा आणि आत्ताचा सातबारा, आठ अ, फेरफाराची नक्कल, घराचा ग्रामपंचायतीचा उतारा, भरलेलं पासबुक, डॉक्टरांचा कागद ज्यात दंडावरच्या माराचा उल्लेख होता, पोलिसांची एनसी, खोलीचे फोटो आणि आत्याचं प्रतिज्ञापत्र. अर्ज आत्याच्या नावाने. ज्येष्ठ व्यक्ती स्वतः करू शकत नसेल तर तिने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. माझ्या नावाने अधिकारपत्र केलं पण सही आणि अर्ज तिचाच ठेवला. आवक-जावकला पोच घेतल्याशिवाय हलू नका. तिथल्या क्लार्कने आधी "हे तहसीलला द्या" म्हणून सांगितलं होतं, मी कलम दाखवलं, मग तो आत जाऊन विचारून आला.

नोटीस लागायलाच वेळ गेला. पुतण्या घरी असून नाही म्हणून सांगायचे, शेवटी पंचनामा करून दारावर चिकटवली. त्या दिवशी गावात बातमी फुटली आणि मग आम्हाला फोन सुरू झाले. पाव्हणे, भावकी, एक माजी सरपंच. सगळ्यांचं एकच म्हणणं, घरातलं घरात मिटवा. हेच लोक आत्या गोठ्याशेजारी राहत होती तेव्हा त्याच रस्त्याने जात-येत होते. त्यांच्यातल्या एकानेही त्या खोलीत डोकावून विचारलं नाही की काकू जेवलीस का. याचा राग मला अजून आहे आणि राहील.

मुख्य सुनावणीच्या आधी प्रकरण समेटासाठी एका अधिकाऱ्याकडे पाठवलं. कायद्यात ती सोय आहे, त्याने महिन्याच्या आत अहवाल द्यायचा असतो. तिथे पुतण्या एकदम मऊ. आत्याच्या पाया पडला, "काकी चल घरी, तुझंच घर आहे." आत्या हलली, मी बघत होते, तिने पदर डोळ्याला लावला. साहेबांनी त्याला विचारलं की मग बक्षीसपत्र रद्द करून देतोस का, सांभाळायचं तर आहेच. तर म्हणे ते कशाला, दोन वेळचं जेवण मी देतोच, कागदाचा विषय काढायचा नाही. आत्याने पदर खाली घेतला आणि म्हणाली, "मग कागदालाच सांभाळ." समेट झाला नाही असा अहवाल गेला.

केस चालू असताना अंतरिम निर्वाह भत्ता मागता येतो. आम्ही मागितला, महिना तीन हजार मंजूर झाला. (कायद्यात निर्वाहाची कमाल मर्यादा महिना दहा हजार आहे, औषधपाण्याचा खर्च बघता ती फार कमी आहे असं माझं मत.) त्याने एक महिना दिला आणि बंद केला. भत्ता थकला तर वॉरंट निघू शकतं, एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, पण देय तारखेपासून तीन महिन्यांच्या आत वसुलीसाठी अर्ज करावा लागतो, नाहीतर ते हत्यार जातं. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. आम्ही अर्ज दिला, पुढच्या तारखेला तो थकलेले सगळे पैसे घेऊन हजर.

तारखांबद्दल. कायदा म्हणतो चरितार्थाच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवस. प्रत्यक्षात प्रांताकडे अतिवृष्टीचे पंचनामे, मोर्चे, दौरे, सगळंच असतं, तारीख लागते आणि जाऊन बघावं तर प्रांतच बाहेर. मला पुण्याहून रजा टाकून यायला लागायचं, आत्याला गुडघे धरून दोन जिने चढायला लागायचे. एकदा शिपायानेच खाली जाऊन खुर्ची आणून दिली आणि पुढच्या वेळेपासून आत्याचं प्रकरण पहिलं घ्यायला लावलं. आम्ही त्यानंतर लेखी अर्जच दिला की अर्जदार वृद्ध आहे, पहिल्या क्रमांकावर घ्या. मागितलं की मिळतं, पण मागावं लागतं.

समोरून वकील उभा राहिला. कायद्याच्या कलम १७ मध्ये वकील नाही असंच म्हटलंय, पण काही हायकोर्टांनी परवानगी दिलीय, त्यामुळे त्यावर वाद घालत बसण्यात अर्थ नव्हता. प्रांत मॅडमनी त्यांना लेखी म्हणणं द्यायला सांगितलं आणि आत्याला मात्र स्वतः प्रश्न विचारले. वकिलाचे मुद्दे तीन. दस्तात बिनशर्त लिहिलंय. २०२२ चा निकाल. आणि तिसरा मुद्दा मी. भाचीचा जमिनीवर डोळा आहे, तिने म्हातारीला पळवून नेऊन फितवलंय.

हा तिसरा मुद्दा येणार हे धरूनच चला, जो कोणी म्हाताऱ्या माणसाच्या बाजूने उभा राहील त्याच्यावर हे येतंच. मी तिथल्या तिथे लिहून दिलं की या मिळकतीत मला कसलाही हक्क नको आणि आत्याकडून बक्षीस, मृत्युपत्र, कुठल्याही मार्गाने मी ती घेणार नाही. भावाने पण तसंच दिलं. त्यानंतर तो मुद्दा कुणी काढला नाही.

मग मॅडमनी सगळ्यांना बाहेर काढलं, मला पण, आणि आत्याला एकटीला विचारलं. दारातून मला फक्त आत्याची पाठ दिसत होती. नंतर जबाबाची प्रत वाचली तेव्हा कळलं. मॅडमनी विचारलं होतं, तुम्ही जमीन का दिली? आत्याचं उत्तर जसंच्या तसं उतरवून घेतलंय: "त्यो म्हनला मी तुला शेवटपर्यंत बघीन. बघनार नसता तर मी कशाला दिली असती." दुसरा प्रश्न, आता तुम्हाला काय पाहिजे, पैसे की जमीन? "माझी जमीन आन माझं घर." देणाऱ्याची इच्छा असेल तरच रद्द होतं असं कलमात आहे, म्हणून हा प्रश्न. आम्ही तिला काही पढवलं नव्हतं. पढवलं असतं तर ती नक्की अडखळली असती.

आदेश आला तो सहा पानांचा. तिसऱ्या पानावरचं सांभाळाचं वाक्य हीच अट धरली, बिनशर्त हा शब्द ठरलेल्या मसुद्यातला आहे आणि त्यामुळे आधीचं आश्वासन पुसलं जात नाही असं म्हटलं, पासबुक आणि डॉक्टरांच्या कागदाचा उल्लेख करून सांभाळ झाला नाही असं नोंदवलं, उर्मिला दीक्षितचा आधार घेतला, बक्षीसपत्र रद्दबातल ठरवलं, सातबारा आणि ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर आत्याचं नाव परत लावायचे आणि घराचा ताबा द्यायचे आदेश. बँकमित्राच्या व्यवहारांबद्दल आम्ही बँकेकडे लेखी तक्रार वेगळी केली होती, चौकशी झाली, त्याचं काम काढून घेतलं, पैसे मात्र सगळे परत मिळाले नाहीत.

आदेश मिळाला म्हणजे झालं असं समजू नका. फेरफाराची नोंद धरायला तलाठ्याकडे अर्ज, मग नोटिसा, पुतण्याची हरकत, मग मंडळ अधिकारी. ताबा घ्यायच्या दिवशी पोलीस बंदोबस्तासाठी वेगळा अर्ज. त्या दिवशी घराची चावी द्यायला तो तयार नव्हता, पंचांसमोर कुलूप तोडलं. आत मामांचा फोटो होता, आत्याने आधी तो काढून घेतला, मग भांडी मोजली. पितळी घागर आणि दोन पातेली नव्हती. ती पण पंचनाम्यात लिहायला लावली तिने.

आता ती तिच्या घरात राहते. एका डोळ्याचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. शेजारच्या एक ताई पैसे घेऊन दोन वेळचा स्वयंपाक करतात, गावातल्या आशा सेविका आठवड्यातून एकदा बीपी बघून जातात, रान एकाला वाट्याने दिलंय आणि तो करार स्टॅम्पवर केलाय, तोंडी नाही. एटीएम कार्ड आत्याच्या स्वतःच्या ट्रंकेत. गावातल्या बायका आता तिच्याकडे येऊन विचारतात, माझ्याकडून पण असंच लिहून घेतलंय, काय करू. आत्या त्यांना माझा नंबर देते आणि मी सगळ्यांना आधी तेच विचारते, दस्त आणा, वाचून बघू काय लिहिलंय.

ज्यांनी अजून लिहून दिलं नाहीये त्यांच्यासाठी. हयातीत बक्षीसपत्र करू नका. मृत्युपत्र करा, ते हयात असेपर्यंत बदलता येतं, मोडता येतं, नवीन करता येतं, आणि मालकी तुमच्याकडेच राहते. अगदीच बक्षीसपत्र करावं लागलं तर त्यात सरळ मराठीत लिहून घ्या की जेवण, औषधपाणी, राहायला हीच खोली, आणि हे केलं नाही तर बक्षीस रद्द. दस्त लेखक म्हणेल याची काय गरज, घरचंच माणूस आहे. तरी लिहून घ्या. आणि दस्त वाचून दाखवायला घेणाऱ्याच्या बाजूचा नसलेला माणूस बरोबर न्या.

पुतण्या आता हायकोर्टात गेलाय. अपिलाची तरतूद आहे ती कलम १६, साठ दिवसांत, पण तिथे शब्द ज्येष्ठ नागरिक आणि पालक असेच आहेत, विरुद्ध बाजूला अपील आहे की नाही यावर कोर्टांची मतं वेगवेगळी आहेत, म्हणून त्याने थेट रिट याचिका केली. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय त्यामुळे आम्हाला मुंबईला पळावं लागत नाही, हा मोठा आधार आहे. अजून स्थगिती मिळालेली नाही. सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर तसाच आहे, तो कर्ज घेणाऱ्याच्या इतर मिळकतीवर न्यावा म्हणून आम्ही सोसायटीला आणि सहायक निबंधकांना अर्ज दिलाय, उत्तर यायचंय. आत्या दर फोनला त्याचंच विचारते.